नगारा गल्लीचा नाग आणि नळाचं दूध

हंबीरराव वस्तादांच्या नळाला दूध आलं, त्या सकाळी नगारा गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कळशी, चरवी, तपेली, पातेलं, ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन माणसं धावली होती. एक म्हातारी तर माझ्याच दवाखान्यातली खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून घेऊन आली होती. गर्दीत पागा गल्लीचीही माणसं होती, यावरून प्रकरण किती थोर ते समजा. फुटबॉलपायी पागा आणि नगारा यांचं असं वैर, की एकमेकांच्या गल्लीत मयताला जायचं तरी लोक आधी विचार करायचे. नळाला दूध आलं म्हटल्यावर मात्र पागा गल्ली भांड्यांसकट हजर झाली.

मी या गल्लीचा डॉक्टर. माझा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी, चढावर. वस्तादांचं घर उताराला, अगदी खालच्या टोकाला. वाट काढत मी नळापाशी गेलो आणि ते दूध ओंजळीत घेऊन पाहिलं. तांदूळ धुतल्यावर पातेल्यात उरतं तसलं पांढुरकं पाणी होतं, वर आंबूस वास. थोड्या वेळानं पांढुरकेपणा गेला आणि नळाला रोजचं पाणी यायला लागलं. मी मोठ्यानं सांगितलं की हे दूध नव्हे, घाण पाणी आहे, कुणी पिऊ नका. तालमीतला कृष्णात पैलवान शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी नगारा गल्लीचा गोल ऑफसाइड ठरवला होता.

नळाजवळ बाजेवर भुजंगनाथ महाराज बसले होते. अंगात भगवी कफनी, डोळ्यांत काजळ, गळ्यात नागाच्या मणक्यांची माळ. ती माळ मी एकदा जवळून पाहिली होती. मणके माशाचे होते, आणि मासा चांगला खात्यापित्या घरचा असावा. महाराजांची भाषा अर्धी संस्कृत, अर्धी हिंदी आणि उरलेली एस. टी. स्टँडवर दंतमंजन विकणाऱ्यांची होती.

"अहोभाग्यम्, अहोभाग्यम्," महाराज म्हणाले. "पाताळ में शेष संतुष्ट जाहला. भक्तांनी दूध दिलं, शेषानं दूध परत केलं. प्या, पाजा, पण उकळू नका. उकळाल तर नागाची जीभ भाजेल, मग मला विचारायला येऊ नका."

माणसं पीत होती. लेकरांना पाजत होती. मी दवाखान्यात परत आलो आणि रागानं स्टेथोस्कोप टेबलावर आपटला. तो माझाच होता, त्यामुळे नुकसानही माझंच झालं.

आता हा नाग कुठून आला ते सांगतो. त्र्याऐंशी सालची गोष्ट. आमच्या कोल्हापुरात तालमी कुस्तीबरोबर फुटबॉलही खेळतात; त्या हंगामात नगारा तालमीनं फायनलला पागा तालमीला एका गोलनं हरवलं. गुलाल इतका उधळला की दोन दिवस माझ्याकडे येणारा प्रत्येक पेशंट लाल होता. त्या विजयाची खूण म्हणून तालमीच्या दारात झेंड्याचा नवा खांब रोवायचं ठरलं, आणि तो पागा तालमीच्या खांबापेक्षा उंच असला पाहिजे यावर कुणाचं दुमत नव्हतं. उंच खांबाला खड्डाही खोल लागतो. पहार दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची म्हणजे तालमीचा अपमान, म्हणून हंबीरराव वस्तादांनी स्वतः घाव घातले. साठीला टेकलेला माणूस, पण त्यांचा घाव बघायला गल्ली गोळा झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जोर मारायला आलेल्या पोरांना खांबाच्या बुडातून आवाज ऐकू आला. फूऽऽस्. कृष्णातनं जमिनीला कान लावला आणि तो कपडे न घालताच घरी पळाला. झालं, दिवस वर यायच्या आत गल्लीला पक्कं माहीत झालं की खांबाखाली नाग आहे, नागाखाली हंडा आहे आणि हंड्यात नगारखान्याच्या काळातलं सोनं आहे. हंडा कुणी पुरला, कधी पुरला, हे विचारणारा मी एकटाच निघालो, आणि मला इंजेक्शनापलीकडे काय कळतं, असं सर्वांचं मत पडलं.

गूळ तिथं मुंगळे. आठवडा उलटायच्या आत भुजंगनाथ महाराज आले. त्यांनी खांबाला प्रदक्षिणा घातली, माती हुंगली आणि सांगितलं की नाग जागा झालाय, त्याला रोज संध्याकाळी दूध लागेल, मग तो आपण होऊन हंडा सोडील. खणायचं मात्र नाही. खणलं तर वंश बुडेल.

कोल्हापूरकराला दूध देवाइतकंच प्रिय. संध्याकाळी कट्ट्यावर जायचं, म्हैस डोळ्यांदेखत पिळून घ्यायची आणि फेसाचा पेला उभ्याउभ्या रिचवायचा, हा आमच्याकडचा संध्याकाळचा नेम. वस्तादांनी हुकूम काढला की तालमीचं दूध आधी नागाला, उरलं तर पैलवानांना. खांबाच्या बुडाशी एक भोक राहिलं होतं, त्यात चरव्या रिकाम्या होऊ लागल्या. उरत काहीच नव्हतं. कृष्णात खप्पड झाला. खासबागेत त्याची कुस्ती होती, ती तो पहिल्याच पकडीत हरला. महाराज म्हणाले की कुस्ती संध्याकाळी होती आणि नाग फक्त सकाळी जागा असतो, त्याला नागाचा काय इलाज. हे लोकांना पटलं. नाग सकाळीच फुसफुसतो, हे तर सगळ्या पुरुषमंडळींनी आपल्या कानांनी ऐकलेलं होतं.

इथवर मीही हसत होतो. मग नळाला ते दूध आलं, आणि काही दिवसांत एकेक करून खालच्या अंगाचे पेशंट यायला लागले. अन्न जात नाही, मळमळतंय, अंगात कणकण आहे. पापणी खाली ओढावी तर डोळा पिवळा. कावीळ. ती दूषित पाण्यातून येते, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. महाराजांना कॉलेज नव्हतं, त्यामुळे अडचणही नव्हती. त्यांनी जाहीर केलं की नळाच्या प्रसादानं हंड्यातलं सोनं भक्तांच्या अंगात उतरायला लागलंय, पिवळे डोळे ही त्याचीच झाक. ज्याचे डोळे पिवळे तो भाग्यवान. पांढऱ्या डोळ्यांची माणसं आरशात बघून हळहळू लागली.

एका दुपारी वस्तादांच्या घरून बनाबाईंचा निरोप आला. बनाबाई म्हणजे वस्तादांच्या मंडळी. त्यांची एकुलती एक लेक शालू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, सातवा महिना सरत आला होता. मी गेलो तेव्हा पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. चार दिवस पोटात अन्न ठरत नव्हतं. मी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि पापणी खाली ओढली. डोळे हळदीसारखे झाले होते. गरोदरपणातली कावीळ म्हणजे आई आणि मूल दोघांच्या जिवाशी खेळ. तिला आत्ताच्या आत्ता थोरल्या दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि नळाच्या पाण्याचा थेंबही उकळल्याशिवाय पोटात जायला नको होता.

वस्ताद सोप्यात बसले होते, चेहरा आनंदानं फुललेला.

"बगितलं न्हवं, डाक्टर?" ते म्हणाले. "समद्यात जास्त सोनं माझ्या शालूच्या अंगात उतरलंय. पोराला जन्माची ददात न्हाय."

मी त्यांना सगळं समजावलं. शांतपणे सुरुवात केली आणि ओरडून शेवट केला. वस्ताद रागावले नाहीत. त्यांचा माझ्यावर लोभ होता. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमचं पुस्तक खोटं हाय असं मी म्हनतच न्हाय," ते म्हणाले. "पर तुमचं मी नुसतं ऐकलंय, आणि नाग ह्या कानानं ऐकलाय. मानसानं कुनाचं धरावं?"

माणूस खोटं बोलत नव्हता. त्यानं खरोखरच काहीतरी ऐकलं होतं. ते काय आहे, हे दाखवल्याशिवाय शालू त्या घरातून हलणार नव्हती.

नळाला पांढरं पाणी येतंय म्हणजे दुखणं पाइपात आहे एवढं मला कळत होतं. मी सायकल काढली आणि पाण्याच्या ऑफिसात गेलो. तिथं सलमा शिकलगार नावाची नवी इंजिनिअर होती. तिचे आजोबा तलवारींना धार लावायचे, वडील कात्र्यांना, आणि हिनं धारेचं काम जिभेवर घेतलं होतं. माझी सगळी कथा तिनं न हसता ऐकून घेतली, मग विचारलं, "नाग किती वाजता बोलतो?"

"सकाळी सहा ते साडेसात," मी म्हणालो.

"आणि तुमच्या गल्लीला पाणी किती वाजता येतं?"

इतकी वर्षं त्या नळाच्या पाण्यानं आंघोळ करतोय, पण ते कधी येतं हे मला ठाऊक नव्हतं. सलमाबाई म्हणाल्या, घरी जाऊन काकूंना विचारा.

विचारलं. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, सहाला येतं, साडेसातला जातं, आणि एवढं विचारायला पाण्याच्या ऑफिसात कशाला गेला होता?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गल्लीत सकाळी बायका नळावर आणि पुरुष तालमीत. पाण्याची वेळ बायकांना पाठ, नागाची वेळ पुरुषांना पाठ. दोन महिन्यांत या दोन वेळा कुणी एकमेकांना सांगितल्या नव्हत्या. नागाविषयी बायकांना विचारावं असं कुणाला वाटलं नव्हतं, आणि पाणी भरण्याविषयी पुरुषांशी बोलून काही उपयोग असतो असं कुठल्या बाईला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आल्या आल्या सलमाबाई आल्या. बरोबर लालासाब होता. पाइपाच्या वॉल्व्हची चावी फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडायचं काम त्याचं, खांद्यावर त्याची ती पुरुषभर लांब लोखंडी चावी. सलमाबाईंच्या गळ्यात एक नवंकोरं यंत्र होतं. पट्ट्याला टांगलेली पेटी, पेटीवर काटा, पेटीतून निघालेली एक वायर भाकरीएवढ्या जड चकतीला जोडलेली, आणि कानाला लावायचे दोन हेडफोन. पाइपाला भोक पडलं की पाणी जोरानं बाहेर फुटतं आणि त्याचा आवाज होतो. तो आवाज मातीतून वर येतो. चकती तो पकडते, पेटी तो मोठा करते, आणि जिथं काटा सगळ्यात वर चढतो तिथं खाली गळती. रस्ता उगाच खणत बसावं लागत नाही. डॉक्टर छातीला लावतात तेच, फक्त जमिनीसाठी, असं तिनं मला सांगितलं. मला ते यंत्र एकदम आपल्या जातीचं वाटलं.

वस्ताद खांबापुढे आडवे उभे राहिले. पहार लावू देणार नाही म्हणाले. सलमाबाईंनी सांगितलं की मी खणायला आलेच नाही, ऐकायला आले आहे. ऐकण्याला नाही म्हणणं वस्तादांना जमेना.

"फक्त सगळ्यांनी गप्प बसायचं," ती म्हणाली. "पायसुद्धा हलवायचा नाही. यंत्राला सगळं ऐकू येतं."

नगारा गल्ली गप्प बसली, हा त्या दिवसातला पहिला खरा चमत्कार. एकानं गुपचूप मांडी खाजवली तर सलमाबाईंनी हेडफोन न काढताच त्याच्याकडे वळून पाहिलं. तो बिचारा पुढं अर्धा तास हात डोक्यावर ठेवून उभा होता.

ती वस्तादांच्या नळापासून चढानं वर निघाली. दर काही पावलांवर चकती ठेवायची, डोळे मिटायचे, काटा बघायचा. काटा हळूहळू चढत गेला. तालमीपाशी आल्यावर थरथरू लागला आणि खांबाच्या बुडाशी पार शेवटाला जाऊन टेकला. तिनं हेडफोन काढून वस्तादांच्या कानाला लावले.

वस्ताद दोन मिनिटं उभेच राहिले. मग डोळे पुसले.

"फणा आपटालाय," ते म्हणाले.

महाराज हीच संधी शोधत होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि सांगितलं की पाहा, आज सायन्सनं शेषापुढे नाक घासलं, सरकारी मशिनीनं नाग सिद्ध केला. जयजयकार झाला. कुणीतरी यंत्रालाच हार घातला. मी सलमाबाईंजवळ जाऊन दात ओठ खात म्हणालो, अहो, तुम्ही आगीत तेल ओतलंत की. तिनं मला थांबा म्हणून खूण केली.

मग ती महाराजांपुढे अदबीनं उभी राहिली. यंत्राला नुसता आवाज कळतो, अर्थ कळत नाही, असं म्हणाली. महाराजांना नागाची भाषा अवगत आहे, तर त्यांनी एक हेडफोन लावून नाग काय बोलतो ते गल्लीला सांगावं. महाराजांना आणखी काय हवं होतं? ते खांबापुढे पद्मासन घालून बसले, हेडफोन लावला, डोळे मिटले. दुसरा हेडफोन तिनं वस्तादांना दिला आणि त्यांच्या कानाशी हळूच सांगितलं, तुम्ही बोलायचं नाही, आवाज येईल तोवर बोट वर ठेवायचं, थांबला की खाली घ्यायचं. वस्तादांनी बोट वर केलं. सगळी गल्ली त्या बोटाकडे बघत होती. डोळे मिटलेले फक्त महाराजांचे होते.

"नाग वदतो," महाराज म्हणाले, "मी प्रसन्न आहे."

कोपऱ्यावर लालासाबनं चावी वॉल्व्हला लावून ठेवली होती. सलमाबाईंनी रुमाल हलवला. त्यानं चावी फिरवायला सुरुवात केली.

"नाग वदतो, दूध पुरत नाही. म्हशीचंच हवं, गाईचं चालणार नाही."

वस्तादांचं बोट हळूहळू वाकलं आणि खाली आलं. कृष्णातनं पुढं वाकून पेटीवरचा काटा पाहिला. महाराज बोलले की तेवढा काटा हलायचा, एरवी मेल्यागत पडला होता. महाराजांची मात्र नुकती कुठं समाधी लागत होती.

"आता नाग क्रोधित झाला. मोठ्ठ्यानं बोलतोय, कान फाटतात माझे. वदतो, डॉक्टरला गल्लीतून हाकला. वदतो, माझ्या सेवेकऱ्याला रेशमी कफनी द्या, थंडीचे दिवस येताहेत..."

तेवढ्यात खालच्या अंगाहून बनाबाईंचा खणखणीत आवाज आला. कळशी अर्धीच भरली होती, त्या चिडल्या होत्या.

"आवं, नळ का गेला मधीच? कोन चावी फिरवालंय?"

सलमाबाईंनी पुन्हा रुमाल हलवला. लालासाबनं वॉल्व्ह उघडला. काटा उठला, वस्तादांचं बोट उठलं, आणि बनाबाई ओरडल्या, आला बगा. सलमाबाईंनी पुन्हा बंद करवला. बोट खाली, नळ बंद. महाराज या सगळ्या वेळात नागाच्या वतीनं पितळी समई मागत होते.

वस्तादांनी आपला हेडफोन उतरवला आणि महाराजांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पैलवानाचा होता, महाराजांचे डोळे आपोआप उघडले.

"म्हाराज," वस्ताद म्हणाले, "नाग कवाचा गप हाय. तुमी कुनाचं ऐकालाय?"

महाराजांनी आधी कफनी सावरली. मग म्हणाले की शेषाचं मौन हीसुद्धा भाषाच आहे, पण ती ऐकायला कान नव्हे, अधिकार लागतो. आधी एकजण हसला, मग कृष्णात, आणि मग गल्ली अशी हसली की पागा गल्लीला वाटलं पुन्हा गोल झाला. त्या गोंधळात महाराज अर्घ्य द्यायला पंचगंगेवर जातो म्हणून उठले. अर्घ्य अजून चालू असावं, कारण ते परत आले नाहीत.

वस्तादांना हसू आलं नव्हतं. त्यांनी पहार मागवली. खणू नका, वंश बुडेल, असं एक म्हातारा पुटपुटला. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. कृष्णातनं खांब उपटला आणि दोघांनी मिळून खणायला सुरुवात केली. आंबलेल्या दुधाचा असा भपकारा आला की पुढची रांग मागं सरकली. खाली ओतीव लोखंडाचा, बिडाचा जुना पाइप होता. पाइपाच्या पाठीवर एक तिरकं भोक होतं, आणि पाइपाला लागूनच एक जुनं दगडी गटार वाहत होतं. भोकातून फुटलेलं पाणी त्याच गटारात पडून निघून जायचं, म्हणून ते रस्त्यावर कधी दिसलं नव्हतं. वस्तादांनी पहारीचं टोक भोकाशी नेलं. ते त्यात नेमकं बसलं.

"खांबासाठी मीच घातल्याला घाव," ते म्हणाले. "बरं, आवाजाचं कळलं. मग नळाला दूध कसं आलं, पोरी?"

सलमाबाईंनी विचारलं, गुलाल आहे का? नगारा तालमीत गुलाल नसणं शक्यच नव्हतं. पाणी बंदच होतं. तिनं दोन मुठी गुलाल खड्ड्यातल्या डबक्यात टाकला आणि बनाबाईंना नळ उघडा ठेवायला सांगितलं. पाणी बंद झालं की पाइप उताराला रिकामा होत जातो, ती म्हणाली, आणि रिकामा होताना भोकाच्या आसपास जे असेल ते आत ओढून घेतो. आम्ही खड्ड्यात डोकावलो. भोकापाशी बारीक भोवरा धरला होता आणि लाल पाणी मुकाट्यानं आत चाललं होतं. ते संपत आल्यावर तिनं लालासाबला पाणी सोडायला लावलं. थोड्या वेळानं खालून बनाबाई ओरडल्या की नळाला गुलाल आला.

काही पोरं टाळ्या वाजवू लागली. सलमाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. "दूध असंच गेलं," ती म्हणाली. "पण दूध तुम्ही संध्याकाळी एकदा ओतत होता. हे गटार दिवसरात्र वाहतंय. पाइपाला दूध कुठलं आणि गटार कुठलं हे कळत नाही."

वस्ताद खड्ड्याच्या काठावर बसले. पाइप, भोक, गटार, असं एकेकाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"डाक्टर, म्हंजे पोरीला मी गटार पाजलं?"

खोटं बोलायची माझी फार इच्छा होती. मी हो म्हणालो.

ते उठले ते धावतच खाली गेले. शालूला दोन्ही हातांवर उचलून घेऊन आले, कृष्णातनं रिक्षा आणली, मी पुढं बसलो. थोरल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत वस्ताद लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि तिच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघायचं टाळत होते.

पंधरा दिवस पोर काठावर होती. एका रात्री तर तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली. पण शालू हट्टी बापाची हट्टी लेक. दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, मुठीत मावेल एवढी, पण रडली अशी की तालमीची पोरं खूष झाली. पाइप त्याच दिवशी सांधला होता. गल्लीत घरोघर पाणी उकळायला लागलं होतं, आणि पैलवान पुन्हा कट्ट्यावर दिसू लागले.

वाचकहो, या गोष्टीतली माणसं मूर्ख नव्हती. त्यांनी आवाज ऐकला होता, पांढरं पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं. कान खरे होते, डोळे खरे होते. खोटा होता तो मधल्या मध्ये अर्थ सांगणारा. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. जमिनीखालून कुणी बोलायला लागलं, नळाला, भिंतीला, मूर्तीला काही पाझरायला लागलं, तर हात जोडण्याआधी तोंड उघडा. कधी होतं, कधी थांबतं, त्याच वेळी आणखी काय होतं, हे विचारा. जो विचारू देत नाही, खणू देत नाही, उकळू देत नाही, त्याच्यापासून लेकराबाळांना आधी दूर घ्या. आणि घरात पाणी कोण भरतं, त्या माणसालाही एखाद्या वेळी चार गोष्टी विचारा.

बारशाला मी गेलो होतो. नात वस्तादांच्या मांडीवर झोपली होती. तिचे डोळे ते पुन्हापुन्हा उघडून बघत होते, म्हणून बनाबाई त्यांच्यावर करवादत होत्या. पागा गल्लीच्या एका पाहुण्यानं थट्टेनं विचारलं, काय वस्ताद, शेवटी नाग निघालाच नाही म्हणा की. वस्तादांनी नातीच्या अंगावरची दुपटी सारखी केली.

"नाग निघाला असता तर लई बरं झालं असतं, पावणं," ते म्हणाले. "नाग दिसला की मानूस आदी लेकराला उचलून बाजूला घेतो. मी माझ्या लेकीला वाटी भरून दिली, आणि वर म्हनलं, संपीव."